आत्यानं नेलेला माल

आमच्या बेटावर कंपनीचं एकच दुकान, ते लोसालिने सांभाळायची. पीठ, साखर, डबाबंद बीफ, रॉकेल. फळीवर जेवढं तेवढंच कॉम्प्युटरवर. राजधानीत, नुकुअलोफाच्या ऑफिसात तिचं नाव होतं.

मग तिची आत्या सेइनी आमच्या बेटावर कायमची राहायला आली. आमच्यात भावाच्या घरातली वस्तू बहीण मागत नाही, उचलते. भाचरांनी त्यावर तोंड उघडायचं नसतं.

चर्चच्या जेवणासाठी सेइनीनं बीफची खोकी उचलली, तेव्हा लोसालिने एवढंच म्हणाली, "आत्या, दुकान बाबांचं नाही गं. कंपनीचं आहे."

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"मग? भावाच्या लेकीकडे किल्ली, आणि मी हात हलवत घरी जाऊ? लोक काय म्हणतील!"

आधी लोसालिनेनं पगारातून भरून काढलं. पण लग्नं, वाढदिवस, मयतं काही थांबेनात आणि पगार पुरेना. शेवटी तिनं कॉम्प्युटरवर खरं तेच लिहिलं: आत्यानं नेलं.

पुढच्या बोटीनं कंपनीचा तपासनीस माका आला. दिवसभर त्यानं माल मोजला. एका डब्याचाही फरक निघाला नाही.

"एवढी दुकानं पाहिली, जुळलं ते फक्त तुझं," तो म्हणाला. "पण 'आत्यानं नेलं' हे साहेबाला कसं दाखवू? बोटीत भिजलं म्हण. मी सही करतो."

"पण भिजलं नाही ना."

"अगं, बाकीचे काय लिहितात वाटतं तुला?"

"एकदा खोटं लिहिलं, की दुकानात खरंच काय उरलंय ते मला तरी कसं कळणार?"

माकानं ते होतं तसंच उतरवून घेतलं. त्यालाही आत्या होत्याच.

महिन्याभरात दुकान बंद करायचा हुकूम आला. उरलेला माल बोटीत चढताना लोसालिने धक्क्यावर उभी राहून खोकी मोजून देत होती. तेवढ्यात सेइनी आली.

"कशाला लिहिलंस गं? आपल्याच माणसांनी खाल्लं ना? साऱ्या बेटांत माझी लाज काढलीस!"

लोसालिनेनं मान खाली घातली. आत्याला उलट बोलता येत नाही. तिची मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

आता आम्ही पिठासाठी होडीनं शेजारच्या बेटावर जातो. समुद्र खवळला की पिठावाचून राहतो. लोसालिनेनं तिथल्या दुकानांत काम मागून पाहिलं. सगळे गोड बोलले, पण कुणीही ठेवून घेतलं नाही. त्यांचा माल अजून बोटीतच भिजतो.