डबीतलं सफरचंद

सत्तावन्न सालचं नवरात्र. आम्ही सोमाटण्यात राहायचो, मी सातवीत होते. माझे चुलते अंबाजी लोणावळ्याला एका बंगल्यावर माळी होते. तिथला साहेब कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्यानं त्यांना एक चपटी डबी दिली. आत केसांना लावायचं सुगंधी, घट्ट मलम. झाकणावर इंग्रजीत नाव.

काकांच्या डोक्यावर केस कितीसे! डबी रतनकाकीकडे आली. कुंकवाखाली लावायचं तिचं मेण संपलं होतं. ठाकरवाडीची बाया नावाची बाई मधाच्या पोळ्याचं मेण आणून द्यायची, ती फिरकली नव्हती. काकीनं मलमाचं बोट कपाळावर टेकवलं, वर कुंकू लावलं. छान बसलं.

पाचव्या माळेला शेजारची सरुबाई म्हणाली, "रतन, लय घमघमतीस गं! साहेबाच्या डबीत गाईची चरबी आसती, ठावं हाय का?"

काकीचा चेहराच उतरला. चार दिवस तेच लावून तिनं घटाला पाणी घातलं होतं. कपाळ राखेनं घासून लाल केलं, पण घटापाशी जाईना.

"हिरे, तूच घाल पाणी. मी बाटले." उपासाला दुधाचा घोटही घेईना.

मी डबी दप्तरात घालून तळेगावच्या शाळेत नेली. गुरुजींनी नाव वाचलं, 'पोमेड', आणि जाडजूड शब्दकोश काढला.

"शब्द इटलीकडचा. मुळात सफरचंदावरून आलाय. पूर्वी त्याचा गर घालून हे करायचे."

"कशात घालून?"

गुरुजींनी चष्मा वर सरकवला. "चरबीत. बहुधा डुकराच्या. पण ते जुन्या काळी. ह्या डबीत काय आहे, ते काही लिहिलेलं नाही."

घरी येताना वाटभर मी डबी हुंगत होते. सफरचंद मी फक्त चित्रात पाहिलं होतं.

काकी उंबऱ्यात बसली होती. "काय निगालं?"

"सफरचंद. थंड मुलखातलं फळ. नावच त्यावरून पडलंय."

"आन् गाय?"

"गाईचं नावसुदिक न्हाई त्यात."

काकी उठली, अंघोळ केली आणि घटाला पाणी घातलं. पुढं बायाचं मेण आलं, तरी सरुबाई दिसली की काकी मुद्दाम डबीच काढायची.

दहा वर्षांनी लोणावळ्याच्या बाजारात मी तिला सफरचंद घेऊन दिलं. तिनं ते कितीतरी वेळ हुंगलं.

"हिरे, त्यो वास न्हाई ह्याला. डबीत आनिक काय व्हतं गं?"

मी तोंड उघडलं, तोच तिनं फळाचा चावा घेतला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्या वर्सी घट लय उंच उगवला व्हता."