दोन चमचे

"कडा काढ," प्लंबरकाका म्हणाले. त्यांचा आवाज आता गंजलेल्या तोटीतून पाणी यावं तसा अडत-अडत येई. "कड घशात अडकली म्हणून नापास झालो, असं नको व्हायला."

"तीस वर्षं पाव भाजतेय मी. कड कुठे असते ते ठाऊक आहे मला," असं म्हणून काकूंनी सुरी उचलली आणि वाफाळत्या पावाची साल अलगद सोलायला घेतली. गरम पावाला सुरी लावू नये, आतून चिकट होतो, हे त्यांचा पाव घेणाऱ्या गल्लीतल्या दहा-बारा घरांना त्यांनीच बजावून सांगितलेलं. पण आज त्यांनाच धीर निघत नव्हता.

पावाच्या पोटातला लुसलुशीत पांढरा भाग त्यांनी स्टीलच्या डबीत भरला. थर्मासमध्ये कोमट दूध घेतलं. दोन चमचे घेतले, दोन रुमाल घेतले, तिसराही घेतला.

"लग्नाला निघालोय का आपण?" काका म्हणाले.

"गप्प बसा. शर्टाचं बटण लावा वरचं."

सात महिन्यांपूर्वी काकांच्या घशात गाठ निघाली. पस्तीस दिवस किरणांचे शेक घेतले. आजार गेला, पण जाता जाता गिळणं सोबत घेऊन गेला. तेव्हापासून पोटावर एक नळी बसवलेली. दर तीन तासांनी काकूंनी सगळं शिजवायचं, वाटायचं, दोनदा गाळायचं, आणि दट्ट्या काढलेल्या जाड पिचकारीचं नळकांडं नळीला जोडून वरून सोडायचं. काका म्हणत, "जन्मभर लोकांच्या घरच्या नळ्या जोडल्या. देवानं शेवटी मलाच एक जोडून दिली. हिशेब चोख आहे त्याचा." लोक हसत. काकूही हसत, आणि मग पातेलं घासायला लागत.

आज गिळण्याची तपासणी होती. दवाखान्यात घशाचे व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिला हे दोघं 'गिळण्याची ताई' म्हणत. तिनं सांगितलं होतं, "घरून ओळखीचं, मऊ काहीतरी आणा. यंत्रासमोर गिळून बघू. नीट गेलं तर हळूहळू तोंडानं सुरू करू."

आता खरं सांगायचं तर काकूंना या परीक्षेची धास्ती नव्हतीच. कारण पेपर त्यांनी आधीच फोडला होता.

झालं होतं असं, की तीन महिन्यांपूर्वी एका दुपारी काका ओव्हनसमोर बसून होते आणि नुसते पावाकडे बघत होते. मागत नव्हते. मागितलं असतं तर काकू ओरडल्या असत्या. पण मुकाट बघणाऱ्या माणसाचं काय करायचं? काकूंनी पावाचा मऊ भाग दुधात कुस्करला, चमच्याच्या टोकावर घेतला आणि त्यांच्या जिभेवर ठेवला. स्वतः श्वास रोखून उभ्या राहिल्या. घरी पाठवताना नर्सबाईंनी बजावलं होतं, थेंबसुद्धा तोंडानं नाही. चुकून भलतीकडे गेलं तर ठसका लागेल, जीव घाबरा होईल. काकूंनी वाट पाहिली. ठसका नाही. खोकला नाही. काकांनी डोळे मिटले, गिळलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जेवलेल्या माणसाचा चेहरा आला.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले.

काकू तिथेच ओट्याला टेकून रडल्या होत्या. त्या दिवसापासून रोज दुपारी तीनला दोन चमचे. ठसका नाही म्हणजे चूक नाही, असा त्यांनी नर्सबाईंच्या बोलण्याचा सोयीचा अर्थ लावला. आणि घसाच तो. सराव केल्याशिवाय शिकणार कसा? मध्ये दीड महिन्यापूर्वी काकांना ताप भरला, छाती भरून आली, अकरा दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी विचारलं, "तोंडानं काही दिलं नाही ना?" काकू म्हणाल्या, "छे हो, थेंबसुद्धा नाही." घरी आल्यावर त्यांनी खिडकीला जाड पडदा लावला, गार वारा बाधला असणार म्हणून. आणि अंगात ताकद यावी म्हणून तो आठवडाभर दोनाचे तीन चमचे केले.

म्हणून आज त्या पेढीवर पैसे जमा असलेल्या माणसासारख्या निश्चिंत निघाल्या होत्या.

यंत्राच्या खोलीत काकांना एका उंच खुर्चीत बसवलं. ताईनं अंगावर जड झगा चढवला, डबीतला पाव दुधात कुस्करला आणि त्यात एक पांढरी पूड कालवली.

"अगं, त्यानं चव जाईल ना!" काचेपलीकडून काकू बोलल्याच.

"पूड घातली नाही तर पडद्यावर दिसणार नाही, काकू. आजच्या दिवस चव माफ करा."

"माफ केलं," काका म्हणाले. "आण लवकर. सकाळपासून उपाशी आहे, सात महिन्यांपूर्वीच्या सकाळपासून."

ताई हसली. चमचा पुढे झाला. काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं. देवा, त्या मनात म्हणाल्या, मळला मी, भाजला मी, ओठापर्यंत आणलाही मी. घास देणारे आम्ही, पण उतरवणारा तू. एवढा उतरव.

पडद्यावर काकांचा जबडा दिसत होता, दातांची ओळ दिसत होती, आणि जिभेवर तो घास. पूड पांढरी, पण पडद्यावर मात्र तो काळाभोर दिसत होता. जीभ मागे सरकली. घास मागे लोटला गेला, घशाशी आला, आणि बराचसा मागच्या वाटेनं खाली उतरला. काकूंच्या तोंडून "गेलं!" असं निघणारच होतं. तेवढ्यात त्यांना दिसलं, की पुढच्या बाजूला, जिथे काही जायला नको अशा दुसऱ्या वाटेनं, एक बारीक काळी रेघ खाली सरकतेय. नळाच्या झिजलेल्या वायसरमधून पाणी झिरपावं तशी. गुपचूप.

खुर्चीतल्या काकांनी मात्र अंगठा वर केला. "गेलं! लोण्यासारखं गेलं! पोरी, दुसरा आण."

ताईनं दुसरा चमचा दिला. मग हनुवटी छातीला लावून एक. मान वळवून एक. दर वेळी काकांचा अंगठा वर, आणि दर वेळी ती काळी रेघ खाली. मग ताईनं यंत्र बंद केलं आणि दोघांना समोर बसवलं.

"काका, गिळताना काही अडल्यासारखं झालं? ठसका येईल असं वाटलं?"

"अजिबात नाही."

"तोच तर घोटाळा आहे." तिनं टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "घास वाट चुकला की खोकला त्याला हाकलून देतो. खोकला म्हणजे दारावरचा राखणदार. शेक घेतल्यावर तुमचा राखणदार झोपलाय, काका. चोर येतो, घरात शिरतो, त्याला पत्ताच नाही. तुम्हाला वाटतं सगळं ठीक गेलं."

"शिरतो म्हणजे कुठे शिरतो?" काकूंनी विचारलं. त्यांना ते कळलं होतं. तरी विचारलं.

"फुप्फुसात, काकू."

ताई फाईल चाळत होती. एका पानावर तिचं बोट थांबलं.

"दीड महिन्यापूर्वी छाती भरली होती ना? अकरा दिवस. तेव्हा तोंडानं काही चाललं होतं का? मी रागावणार नाही. पण मला कळायला हवं."

काकूंच्या हाताला तिन्हींपैकी एकही रुमाल लागेना. ती गार वाऱ्याची खिडकी, तो जाड पडदा, काकांच्या हातात घुसवलेल्या सुया, दम लागून पलंगाची कड धरलेली ती बोटं, आणि आपण शेजारी बसून देवाला विचारत होतो, कोणाची दृष्ट लागली रे! काकूंनी तोंड उघडलं. "मी..."

"मीच," काका म्हणाले. "मीच खायचो. ही पाव पोचवायला बाहेर पडली की दुधात बुडवून दोन चमचे. चोरून."

"काका!"

"मग काय करणार? पाववालीशी लग्न केलं मी."

"आणि काकूंना कळलं नाही?"

"तिला कळलं असतं तर हात मोडून गळ्यात बांधला असता माझा."

ताई हसली नाही. ती काकूंकडे वळली आणि तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "काकू, आता तुम्हीच पहारा करायचा. कपाटाला कुलूप लावा हवं तर. पुन्हा असा ताप आला तर या वयात अवघड जाईल. माझी सगळी भिस्त तुमच्यावर."

काकूंनी मान हलवली. याहून मोठी शिक्षा देवालाही सुचली नसती.

"मग तोंडानं कधी?" काकांनी विचारलं.

"व्यायाम सोडायचे नाहीत. चार महिन्यांनी पुन्हा बघू." ताईनं डबीचं झाकण घट्ट लावून ती काकूंच्या हातात दिली. मग दाराशी आल्यावर हळूच म्हणाली, "काकू, फार आशा लावून बसू नका."

दोघं बसनं परतले. जिन्यात खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई भेटली. तिला आठवड्याला दोन पाव लागत. "काय झालं? पास?"

"त्याच वर्गात ठेवलंय," काका म्हणाले. "बाई म्हणाल्या, हुशार आहे, पण अजून वर्षभर इथेच बसू दे."

घरात येऊन दार लावलं आणि काकू मटकन खुर्चीवर बसल्या.

"मी जीव घेतला असता तुमचा."

"घेतला नाहीस ना."

"अकरा दिवस, अहो! अकरा दिवस तुम्ही तडफडत होता, आणि घरी आणून मी तीन-तीन चमचे..." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आणि तिथे खोटं कशाला बोललात?"

"तू रडली असतीस. मग ती पोर रडली असती. दोघींची समजूत काढायला माझ्याकडे आवाज कुठे आहे?"

"चेष्टा सुचते तुम्हाला!"

काकांनी पोटावरच्या नळीवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "नळीतलं पोटाला जातं गं. ते दोन चमचे माझ्याकडे यायचे."

तीन महिने ज्या घासानं हा माणूस माणसात आला, त्याच घासापायी तो मरता मरता वाचला. यातलं चूक ते बाजूला काढून बरोबर तेवढं ठेवायला कुठली चाळणी आणायची? रोज दोनदा गाळून घालणाऱ्या बाईला ते गाळता येत नव्हतं.

त्या उठल्या. कामाला लागलं की बरं वाटतं म्हणून ओट्याशी गेल्या. दूध तापवायला ठेवलं, वाटी घेतली, चमचा घेतला, सकाळच्या पावाचा मऊ तुकडा मोडला. आणि थांबल्या. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते. हात आपल्या सवयीनं चालत आले होते. त्या हातांना अजून कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी मागे वळून पाहिलं. काका त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी मागितलं नाही. मान हलवून नकोही म्हटलं नाही. काकूंनी गॅस बंद केला. दुधावर आलेली साय हळूहळू खाली बसली.

"सगळाच टाकून देते हा पाव," त्या म्हणाल्या.

"अन्न का टाकतेस? तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

"खाईन मग."

"मग म्हणजे कधी? मी झोपल्यावर? सात महिने बघतोय, तिकडे तोंड करून ओट्याशी उभ्यानं जेवतेस. तुझी पाठ पाठ झाली मला." काकांनी पायानंच समोरची खुर्ची सरकवली. "इथे बस. माझीही जेवणाची वेळ झालीच आहे."

"तुमच्यासमोर? मला नाही उतरायचा घास."

"तुझा तरी उतरू दे. घरात एकाचा तरी उतरायला हवा."

काकूंनी दुपारचं गाळलेलं जेवण कोमट करून आणलं, नळीची चिमटी तपासली, नळकांडं जोडलं आणि रोजच्यासारखा हात उंच करायला गेल्या.

"दे इकडे. मी धरतो."

"हात दुखेल."

"गच्च्यांवर टाक्या चढवण्यात जन्म गेला माझा. किती उंचीवर किती धार, ते तू मला शिकवू नकोस. ओत, आणि खायला बस."

काकूंनी ओतलं. चिमटी सैल केली. काकांनी उजवा हात खांद्याच्या वर नेला. कातडी लोंबत होती, पण मूठ पक्की होती. काकू समोर बसल्या. पावाचा तुकडा मोडून तोंडात घातला. चावला, पुन्हा चावला. तो फुगत चालला, तोंडभर झाला. डोळ्यांतलं पाणी नाकाशी येऊन थांबलं. घसा धडधाकट, राखणदार जागा, आणि घास काही केल्या पुढे सरकेना.

काकांनी नळकांड्याकडे पाहिलं, मग काकूंच्या तोंडाकडे. हात जरासा खाली घेतला. धार थांबल्यात जमा झाली. ते तसेच थांबून राहिले.

बऱ्याच वेळानं काकूंनी गिळलं.

काकांनी हात पुन्हा वर केला. काकूंनी दुसरा तुकडा मोडला. काकूंचा घास अडला की काकांचा हात खाली येई, उतरला की वर जाई. हाताला आता कंप सुटला होता. काकूंना तो दिसत होता. त्यांनी आपला हात पुढे केला नाही. मान खाली घालून त्या जेवत राहिल्या.