कोरी बाटली

कातळवेढ्यात नळाचं पाणी तपासायला बाटलीत भरलं, की ते पिणारं माणूसही त्याबरोबर बाटलीत उतरत असे. प्रयोगशाळेचे प्रमुख पेठेसर यांनी निकाल मोठ्याने सांगितला, की ते बाहेर येई. कालिंदीने वर्षभर असे नमुने नेले होते. आज पाळी तिच्या आईच्या घरची होती.

तिने नळ थोडा वाहू दिला, बाटली त्याच पाण्याने विसळली आणि भरली. आधी जाऊन आलेल्या बायका म्हणाल्या, तेवढाच आराम, आत ना चूल ना धुणं. आई लुगडं आवरून उतरली. आतही तिचे हात थरथरत होते. गावाच्या वरच्या अंगाला कारखाना आल्यापासून ते थरथरत. पाण्यात पारा निघाला, तर नळ बंद होणार होता.

पिशवीत दुसरी बाटली होती, कोरी. प्रयोगशाळेतलंच शुद्ध पाणी तुलनेसाठी गावापर्यंत न्यायचं आणि न उघडता परत आणायचं, ही शिस्त तिला पेठेसरांनी लावली होती.

प्रयोगशाळेत सरांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. आईने आतून नमस्कार केला. सरांनी तिची बाटली बाजूला ठेवली आणि कोरी उघडली.

"सर, ती नव्हे."

"माहीत आहे."

त्यांनी यंत्र चालवलं आणि मोठ्याने सांगितलं, "पारा नाही. पाणी पिण्यालायक."

कोऱ्या बाटलीतून आई बाहेर आली. तेच लुगडं, गालावर तोच तीळ. पदराला धुराचा वास नव्हता. हात स्थिर होते. तिने कालिंदीकडे पाहुण्यासारखं पाहिलं.

"ने घरी," सर म्हणाले. "महिन्याभरात हीही थरथरायला लागेल. मग पुन्हा नमुना आण."

त्यांनी कपाट उघडलं. कालिंदीने आणलेल्या सगळ्या बाटल्या तिथे होत्या, तिने लावलेल्या चिकटपट्ट्या तशाच. आत माणसं काचेला कपाळ टेकून उभी होती.

"पारा आहे," कालिंदी मोठ्याने म्हणाली.

कुणीच बाहेर आलं नाही.

"तुझ्या सांगण्याने नाही होत ते," सर म्हणाले. "आणि यंत्र कारखान्यानंच दिलंय, बाळ."

तिने आईची बाटली छातीशी धरली. आतून बोटांची टकटक लागत होती. बाहेरची आई जवळ आली.

"तहान लागलीय गं," ती म्हणाली. तिने कालिंदीच्या हातून बाटली काढून घेतली आणि सावकाश, जराही न थरथरता, झाकणावरची चिकटपट्टी सोलायला लागली.