शेवटचा घास

जावईबापू घरात आले तेव्हा करंगळीएवढे होते. लाल शेपटी, लांबलचक मिशा आणि खाण्यापलीकडे दुसरा उद्योग नाही, म्हणून सासूबाईंनी त्यांचं हे नाव ठेवलं. माशांचा दुकानदार म्हणाला होता, "वाढेल थोडासा." त्या थोड्याशाचे तीन वर्षांत पावणेतीन फूट झाले. काचेच्या टाकीत सोबत सोडलेले सहा छोटे मासे कुठे गेले, हे कुणी विचारलं नाही.

नवऱ्याचा तर तो जीव की प्राण. पण लेक रांगायला लागली आणि बायकोला टाकीची धास्ती वाटू लागली. जावईबापू टाकीत दुमडूनच वळत. शेपटी काचेवर आपटली, की ही हातातली पोळी तव्यावर टाकून धावत येई आणि काचेच्या जोडांवरून बोट फिरवून बघे.

"फुटली ना ही काच, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"वचन देतेस?" नवरा हसला. पण टाकी पुरत नाही, हे त्यालाही दिसत होतं.

शेवटी दुकानदाराच्या मागच्या अंगणातल्या मोठ्या हौदात जावईबापूंची रवानगी झाली. लेक मोकळ्या कोपऱ्यात रांगू लागली. आता तिच्या आईला शांत झोप लागायला हवी होती.

तीन आठवड्यांनी दुकानदाराचा फोन आला. "वहिनी, हा कशालाच तोंड लावत नाहीये. वाळत चाललाय. दादा रोज येऊन बसतात, त्यांच्या हातचंही घेत नाही. तुम्ही काय करत होता घरी?"

"मी कुठे काय करत होते? मी आपली लेकीला..." ती बोलता बोलता थांबली.

रोज दुपारी टाकीजवळ बसून ती लेकीला भरवायची. वाटी टाकीच्या लोखंडी स्टँडवर ठेवायची, चमच्याने टक टक टक करायची, की लेक आ करायची. जावईबापू काचेला मिशा लावून बघत बसायचे. असं कुणी बघत असताना एकटीलाच कसं भरवायचं, म्हणून मग त्यांनाही एक कोळंबी.

मीच त्याला घराबाहेर काढलं, हे तिच्या मनातून हलेना. वाटी, चमचा, कोळंब्या, लेक आणि नवरा, सगळं घेऊन ती हौदावर पोचली. जावईबापू तळाशी पडून होते. पोट खपाटीला गेलं होतं.

तिने हातातच वाटी धरून चमचा वाजवला. बापाच्या कडेवरून लेकीने आ केला. पाणी मात्र हललं नाही.

"वहिनी, राहू द्या," दुकानदार हळूच म्हणाला.

"थांबा हो." घरी स्टँडवर ठेवायची तशी तिने वाटी हौदाच्या कठड्यावर टेकवली. टक टक टक.

तळाशी एक मिशी हलली. मग दुसरी. लाल शेपटी सावकाश वळली, या वेळी न दुमडता, ऐसपैस. रुंद जबडा थेट तिच्या हाताखाली वर आला. तिने टाकलेली कोळंबी गडप झाली. नवऱ्याने लेकीच्या झबल्याला डोळे पुसले.

"अजून किती वाढेल हो?" तिने विचारलं.

"चार फूट सहज," दुकानदार म्हणाला. "पण ती वाटी इथेच ठेवून जा."

"वाटी नाही मिळायची. हिचं जेवण अडेल. मीच येत जाईन." ती पाण्यावर वाकली. "हा शेवटचा हं," लेकीला म्हणायची तसंच म्हणाली, आणि आणखी चार कोळंब्या टाकल्या.