कांताबाईंची आमटी

माधवरावांनी जन्मात कुणाच्या स्वयंपाकाला चांगलं म्हटलं नव्हतं. मुलाच्या लग्नात व्याह्यांनी मसालेभात, अळूची भाजी, जिलब्या असा घसघशीत बेत केला, त्यावर यांचा अभिप्राय काय? तर "पाणी गार होतं." पाटबंधारे खात्यात सगळी हयात फायलींवर शेरे मारण्यात गेलेली. कौतुकाचा शेरा कुठे लिहितात, तेच बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. तर अशा या माणसाने शनिवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत आमटीभाताचा शेवटचा घास घेतला, वाटी पुसून चाटली आणि म्हटलं, "बाईंना चिंच किती घालायची ते कळतं हो!" बायकोचा, आनंदीबाईंचा, उजवा हात प्लास्टरमध्ये होता म्हणून बरं, नाहीतर हातातला डाव खाली पडला असता.

दारात त्यांचा मुलगा आमोद उभा होता. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, चेहरा दिवसभर हिंजवडीच्या कॉम्प्युटर कंपनीत राबून आल्यासारखा दमलेला. ते ऐकून त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण बाई वगैरे कुणी नव्हतीच. आमटी त्यानेच केली होती. आणि हिंजवडी म्हणाल, तर ती सुटून चार महिने होत आले होते.

झालं होतं असं, की त्या वर्षी अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि त्याचे शिंतोडे थेट धायरीतल्या आमोदच्या घरापर्यंत उडाले. दिवाळी झाली आणि आमोदच्या कंपनीने एका दुपारी त्याची अख्खी टीम एका खोलीत बोलावली, गोड गोड बोलून गळ्यातली ओळखपत्रं काढून घेतली आणि सगळ्यांना घरी पाठवलं. बायकोची, अपूर्वाची, नोकरी दुसऱ्या कंपनीत होती, ती टिकली. पण तिथेही माणसं कमी झालेली, त्यामुळे चौघांचं काम तिच्या एकटीच्या गळ्यात. सकाळी अंधारातच कंपनीची बस पकडायची, ती संध्याकाळी उशिरा यायची. घरात पहिलीतला श्रीनिवास आणि चार वर्षांची चैतू. दोघांची तोंडं दर दोन तासांनी उघडणारी. एका पगारात स्वयंपाकाच्या काकू परवडेनात. मग काय, आमोदराव स्वयंपाकघरात!

आणि स्वयंपाकघर म्हणजे काय, तर या गृहस्थाला जिरं आणि ओवा यांतला फरक चावून बघितल्याशिवाय कळत नव्हता. पहिल्या दिवशी खिचडी इतकी करपली, की शेजारचे विचारायला आले. पोळ्या केल्या, तर चैतू म्हणाली, "बाबा, ही पोळी वाजते." श्रीनिवासचा डबा शाळेतून जसा गेला तसा परत यायचा. पोरगं घरी येऊन पोहे-चुरमुरे खायचं आणि रात्री पोट दुखतं म्हणून रडायचं. आमोदला स्वतःचीच चीड आली. नोकरी तर नोकरी, साधी दोन पोरं जेवती ठेवता येत नाहीत आपल्याला?

मग त्याने आपलं जुनं शहाणपण बाहेर काढलं. कंपनीत एखादा प्रोग्रॅम बिघडला, की सगळं एकदम बदलायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. तेच त्याने ओट्यापाशी सुरू केलं. आज फक्त डाळ जास्त शिजवली. उद्या फक्त गूळ बदलला. परवा फोडणी उशिरा घातली. हळूहळू श्रीनिवासचा डबा अर्धा रिकामा, मग पाऊण रिकामा आणि एके दिवशी चाटूनपुसून लख्ख आला. थालीपिठात दुधी भोपळा आहे हे त्याला कळलंच नाही. वरणफळं केली, की चैतू मागून मागून खायची. आता इथे आमोद अख्खं स्वयंपाकघर जिंकून बसला असं समजू नका, त्याच्या पोळ्या अजूनही भारताच्या नकाशासारख्याच होत. पण घर पोटभर जेवत होतं.

एवढं सगळं झालं, तरी बापाला सांगायची हिंमत होईना.

"सांगून टाक ना एकदाचं," अपूर्वा म्हणायची.

"सांगतो गं."

"कधी? श्रीची मुंज झाल्यावर?"

सांगणार कसं? आमोदला सरकारी नोकरीचं पत्र आलं होतं, ते नाकारून तो सॉफ्टवेअरमध्ये गेला, तेव्हा माधवराव एकच वाक्य बोलले होते: "आज आहे, उद्या नाही, अशी नोकरी आहे ही." पुढे पगाराचे आकडे बघून त्यांनी ते वाक्य गिळलं. उलट, आल्यागेल्याला सांगायला लागले, "आमचा आमोद कॉम्प्युटरमध्ये आहे." खालच्या मजल्यावरच्या बापूरावांना तर ते दिवसाआड ऐकावं लागे. आता ते गिळलेलं वाक्य बाबांनी पुन्हा बाहेर काढलं तर? नोकरी जाण्याचं दुःख आमोदने पचवलं होतं. पण बाबांचं खरं ठरणं त्याला पचणार नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, बाबांनी बापूरावांसमोर मान खाली घालणं.

तेवढ्यात आनंदीबाई न्हाणीघरात घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. मग रोज संध्याकाळी आमोद आईबाबांचा डबा घेऊन जाऊ लागला. दिवसभर हाफ पँटमध्ये वावरलेला हा बाबा चारनंतर दाढी करायचा, इस्त्रीचे कपडे चढवायचा, लॅपटॉपच्या बॅगेत आमटीचा डबा ठेवायचा आणि मुलांना शेजारी सोडून स्कूटर काढायचा. जिन्यात बापूराव भेटत. "काय, ऑफिसातून थेट वाटतं?" "हो ना काका, आज फारच काम होतं." आणि आईने विचारलं, "कोण करतं रे हे?" तेव्हा तोंडाला येईल ते नाव त्याने फेकलं: कांताबाई. नवीन बाई ठेवलीय.

त्या संध्याकाळी बाबांनी ते चिंचेचं प्रशस्तिपत्रक दिलं आणि आमोद स्कूटरवरून शीळ घालत घरी आला. बाबांनी पहिल्यांदा शाबासकी दिली, तीही दुसऱ्याच्या नावावर! हसावं की रडावं, तेच त्याला कळेना.

अपूर्वाला मात्र हसू आलं नाही. चैतू आजोबांशी फोनवर बोलताना श्रीनिवासने तिच्या तोंडावर हात ठेवला होता, ते अपूर्वाने पाहिलं होतं. "मुलांना खोटं बोलायला शिकवतोयस तू," ती शांतपणे म्हणाली. आमोदने हातातला घास ताटात परत ठेवला. येत्या रविवारी सांगायचंच, असं त्याने ठरवलं.

रविवार यायच्या आत बुधवार आला. चैतूला थोडी कणकण होती म्हणून बालवाडीला दांडी. दुपारी श्रीनिवास शाळेतून यायच्या आधी स्वयंपाक उरकायचा म्हणून आमोदची घाई चाललेली. कमरेला अपूर्वाचा फुलाफुलांचा एप्रन, कोपरापर्यंत कणीक, गॅसवर डाळ. बेल वाजली. इस्त्रीवाला असेल म्हणून त्याने कोपरानेच दार उघडलं.

दारात माधवराव. स्वारगेटला बस बदलून, घामाघूम होऊन आलेले. हातात कापडी पिशवी.

त्यांनी मुलाकडे वरून खाली पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून आत डोकावून म्हणाले, "कांताबाई आहेत का?"

"बाबा, तुम्ही? आज... मी रजा घेतली होती. चैतूला ताप..."

"ते विचारलं नाही मी. कांताबाई आहेत का? हिने त्यांच्यासाठी खण-नारळ पाठवलाय. माझंही काम आहे त्यांच्याशी."

"त्या... गावाला गेल्यात."

"असं? मग काल संध्याकाळची आमटी?"

आमोद कणकेचे हात एप्रनला पुसायला लागला. तेवढ्यात चैतू पांघरूण ओढत बाहेर आली. आजोबांना पाहून तिला धावत जाऊन बिलगायचं होतं. ती दोन पावलं आली आणि थबकली. तिने आपल्याच हाताने आपलं तोंड घट्ट दाबून धरलं आणि मोठ्ठे डोळे करून ती बापाकडे बघत राहिली.

ते बघून आमोद तिच्यापाशी गेला. बास झालं, त्याला वाटलं. चार वर्षांच्या पोरीने माझ्यासाठी तोंड दाबून उभं राहायचं?

"चैतू, हात काढ राणी. आता सांगायला हरकत नाही." मग तो वडिलांकडे वळला. "बाबा, कांताबाई नाहीत. कधीच नव्हत्या. आमटी मी करतो. रोज. दिवाळीनंतर माझी नोकरी गेली. तुम्ही म्हणाला होतात, आज आहे उद्या नाही. तसंच झालं. तुमचंच खरं झालं."

बोलून झालं. आता काय तो शेरा येऊ दे, म्हणून त्याने मान खाली घातली. चपला काढण्याच्या जागेकडे बघत उभा राहिला.

माधवरावांनी दारातच चपला काढल्या. मग खुर्चीत बसले आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला, की आमोद घाबरलाच.

"म्हणजे कांताबाई नाहीतच?"

"नाहीत."

"मग मी आता शिकू कुणाकडून?"

आमोदला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"डॉक्टर म्हणतात, हाड नीट बसलेलं नाही," माधवराव पिशवीचे बंद चाळवत म्हणाले. "हिला यापुढे लाटणं धरायचं नाही, जड भांडं उचलायचं नाही. तुमचा डबा कुठवर? म्हटलं, आपण शिकावं. तिला विचारायची लाज वाटली, म्हणून या बाईंकडे आलो. काल दुपारी मी तिला चहा करून दिला. पहिल्यांदाच. साखर म्हणून मीठ टाकलं मी. ती प्यायली, आमोद. सगळा कप. एक शब्द बोलली नाही. मला कळलं कधी, तर माझा कप तोंडाला लावल्यावर." ते थांबले. "आणि मी चाळीस वर्षं तिच्या भाजीतल्या मिठाच्या चुका काढत आलो."

बाबांच्या डोळ्यांत पाणी! आमोदने जन्मात पाहिलं नव्हतं. "बाबा, माझी नोकरी..." तो पुटपुटला.

"कळलं ते. बहिरा नाहीये मी. गेली. सगळ्यांच्याच चालल्यात, पेपर वाचतो मी. मिळेल दुसरी." आणि नाक वर करून त्यांनी हुंगलं. "आधी आत बघ, गाढवा! डाळ लागतेय तुझी!"

दोघेही धावले. डाळ खरंच तळाला लागली होती. आमोदने वरची अलगद दुसऱ्या भांड्यात काढली. माधवरावांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि ओट्याशी उभे राहिले, नव्या कारकुनासारखे अवघडून. मोहरी कुठली, मेथी कुठली, इथपासून सुरुवात. हिंगाची डबी उघडून त्यांनी अशी काही शिंक दिली, की चैतू खिदळत जमिनीवर लोळली. चिंचेचा कोळ किती, हे मात्र त्यांना सांगावं लागलं नाही. चव घेऊन ते बरोब्बर थांबले. कांताबाईंचा नारळ आमोदने उंबऱ्यावर फोडला आणि त्यातलं खोबरं आमटीत पडलं. खण चैतूने डोक्यावर घेतला, तिचा ताप बहुतेक हसण्यातच उतरला असावा. श्रीनिवास शाळेतून आला, तर आजोबा ओट्यापाशी! त्याने दप्तर खांद्यावरच ठेवून हळूच बापाला विचारलं, "यांना माहितीये?"

"सगळं माहितीये."

"हुश्श!" पोरगं मोठ्या माणसासारखं म्हणालं आणि जेवायला बसलं. आमोदला ते इतकं लागलं आणि त्याच वेळी इतकं मोकळं वाटलं, की तो पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेला आणि तिथेच जरा उभा राहिला. अपूर्वाला फोन लावला. "सांगितलं," एवढंच म्हणाला. पलीकडे ती ऑफिसात होती, पण तिने सोडलेला सुस्कारा त्याला स्पष्ट ऐकू आला.

जेवून, झोप काढून माधवराव बसने परत गेले. "डबा आण संध्याकाळी," जाताना म्हणाले, "पण भात मी लावतो."

संध्याकाळी आमोदने दाढी केली नाही. होता तसा, हळदीचे डाग पडलेल्या टी-शर्टात, कापडी पिशवीत डबा घालून गेला. तरीही शनिवार पेठेत शिरल्यावर स्कूटरचा वेग आपोआप कमी झालाच. बाबांना स्वयंपाकघरात सगळं समजलं, ते ठीक. ते चार भिंतींत होतं.

बापूराव जिन्याच्या तोंडाशीच पेपर घेऊन बसले होते. चष्म्यावरून त्यांनी त्या टी-शर्टाकडे पाहिलं. "काय हे आमोद? आज ऑफिस नाही वाटतं?"

आमोदने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्याने बोलायला तोंड उघडलं, तोच वरच्या गॅलरीतून आवाज आला, चांगला खणखणीत, समोरच्या वाण्यालाही ऐकू जाईल असा.

"नाही, बापूराव! नोकरी गेलीय त्याची. चार महिने झाले. दोन पोरांना, बायकोला आणि आम्हा म्हाताऱ्यांना रोज करून घालतोय, आणि उत्तम करतो. मी त्याच्याकडे शिकायला लागलोय. तुम्हाला यायचं असेल तर विचारतो त्याला, पण वशिला चालणार नाही."

बापूरावांनी पेपर वर धरला, तो तोंडासमोरून काढलाच नाही.

आमोद जिन्याचा कठडा धरून उभा राहिला. त्याला समोरचं नीट दिसेना.

"आणि तू खाली काय करतोयस?" वरून आवाज आला. "कुकरची तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करू का?"

"करा, बाबा," तो ओरडून म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर निघाला.