फार गोड बोलणारा माणूस

तिने गाडीत एक पाय टाकला आणि फोन वाजला. हेल्मेट मागच्या सीटवर टाकून तिने तो कानाला लावला.

“काय ठमाबाई, झाला का पूल बांधून?” बाबा खुशीत होते.

“होतोय हळूहळू. जेवलात?”

“ते राहू दे. तुझ्या साइटवरच्या एकाचा फोन आला होता. फार गोड बोलतो गं! तुझा गुपचूप सत्कार करायचाय म्हणाला. तिला सांगू नका म्हणाला, पण माझ्या पोटात काही राहतं का?”

ती हसली. पहिल्या खांबाला तडा गेल्यापासून साइटवर कुणी कुणाचा सत्कार करण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

“काय विचारलं त्याने?”

“काही नाही. कधी निघतेस, कुठून येतेस. म्हटलं, पोरगी घड्याळाच्या काट्यावर चालते. खाणीचा रस्ता, पांढरी जीप.”

तिचं हसू ओठांवरच थिजलं. शेजारच्या प्रकल्पावरचे दोन सर्वेक्षक याच भागातून उचलून नेले होते. एकच परत आला, तोही बोलेनासा झालेला. त्यानंतर सुरक्षा अधिकाऱ्याने सगळ्या इंजिनिअरांना बसवून बजावलं होतं, “तुम्हाला पकडायला बंदूक लागत नाही. तुमची सवय पुरते.” मागच्या रांगेत बसून ती जांभया देत होती.

“बाबा, मी लगेच करते फोन.” मग ती ड्रायव्हरला म्हणाली, “काका, इंजिन बंद करा.”

तिने जाऊन सगळं सांगितलं तेव्हा सुरक्षा अधिकारी रागावला नाही. त्याने फाटक लावून घेतलं आणि दोन गाड्या खाणीकडे पाठवल्या. ती त्याच्या केबिनमध्ये बसून राहिली. काकांनी चहा आणून दिला आणि तेही तिथेच थांबले.

गाड्या परतल्या. खाणीच्या वळणावर एक ट्रक रस्त्यात आडवा उभा होता. आसपास कुणीच नव्हतं.

“बिघडला असेल,” काका म्हणाले.

“किल्ली आतच होती. फिरवली तर पहिल्या झटक्यात सुरू झाला,” गेलेल्यांपैकी एकाने सांगितलं.



“वडिलांना सांगा,” अधिकारी म्हणाला.

“धसका घेतील ते.”

“घेऊ द्या.”

तिने बाबांना फोन लावून सगळं सांगितलं.  

“म्हणजे मीच...”

“तुमची काही चूक नाही. फक्त यापुढे कुणालाही काही सांगायचं नाही.”

“नाही सांगत.” ते थांबले. मग दबक्या आवाजात म्हणाले, “मग घरी कोण कोण असतं, हे कशाला विचारलं असेल गं त्याने?”

ती उठून उभी राहिली. “तुम्ही काय म्हणालात?”

“खरं तेच. एकटाच असतो म्हटलं.”

अधिकाऱ्याने दुसरा फोन उचलला आणि हळूच तिच्याकडे तिच्या गावच्या घराचा पत्ता मागितला.

“ठमे, फोन ठेवू नकोस हं,” बाबा म्हणाले.

त्यांनी फोन टेबलावर ठेवल्याचं तिला कळलं. चपला फरफटत गेल्या. कुणीतरी गप्पांना येईल म्हणून ते दिवसभर दार उघडं ठेवत. आता कडी सरकली. मग एकेक करत खिडक्या लागत गेल्या.