वरचं पारूचं, खालचं माझं

रानातल्या शेवळांची भाजी जयानं आजवर शंभरदा केली असेल. पण परवा घाईघाईत नवा पासवर्ड म्हणून 'शेवळं' हा शब्द इंग्रजी अक्षरांत नेमका कसा लिहिला होता, ते काही केल्या तिला आठवेना. एकदा व्ही घालून पाहिला, एकदा डब्ल्यू. शेवटी ए लावला, मग ई, मग काहीच नाही. वहीत एकेक तऱ्हा लिहायची, टाइप करायची आणि खोडायची. एकतीस झाल्या. घरातला कॉम्प्युटर दर वेळी तेच सांगत होता, चुकलं.

१९८८ सालचा भाद्रपद होता. कर्जतहून कोंडाण्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या त्या घरात कॉम्प्युटर आहे, हे अजून लोक मुद्दाम बघायला यावेत असं नवल होतं. जयाचा नवरा विठू मुंबईत एका कंपनीत ही यंत्रं दुरुस्त करायचा. कंपनीनं मोडीत काढलेलं एक यंत्र जुळवून त्यानं घरी आणलं आणि त्यात अगदी ऑफिसातली व्यवस्था बसवली. प्रत्येकाचं वेगळं खातं, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड. एवढा थाट करून साहेब नोकरीसाठी मस्कतला निघून गेले.

जयाच्या खात्यात पारू होती. म्हणजे कोंडाण्यावरच्या ठाकरवाडीतल्या पारूनं सांगितलेलं सगळं होतं. कुठली रानभाजी कुठल्या उतारावर उगवते, कशाबरोबर शिजवली की घसा खाजत नाही, कुठला पाला कशावर बांधायचा. असे दोनशे चौदा झाडपाले तिनं दोन वर्षं ओटीवर बसून सांगितले आणि शाळेत शिकवणाऱ्या जयानं ते थेट यंत्रात घातले. कागदावर उतरवायचं तिला जुनाट वाटलं होतं. गेल्या मार्गशीर्षात पारू गेली. फ्लॉपीवरची नक्कल या पावसात बुरशीनं खाल्ली. पारूच्या पोरींना त्यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. आता जे काही उरलं होतं ते त्या बंद खात्यात होतं, आणि ते आपल्याच हातानं बंद झालंय या विचारानं जयाला जेवण जाईना.

उघडायचा एकच मार्ग होता. या यंत्राबरोबरच एक खातं जन्माला येतं, त्याचं नाव रूट. ते काढून टाकता येत नाही आणि त्याला कसलीच मनाई नसते. पासवर्ड विसरलेल्याला ते नवा देऊ शकतं, आणि मनात आणलं तर कुणाचंही लिखाण पुसून टाकू शकतं. पहिल्या वर्षी घरात सगळं काम रूटमधूनच चालायचं, पासवर्डबिसवर्ड काही नाही. एक दिवस खुद्द विठूनं तिथं एक ओळ चुकीची टाइप केली आणि स्वतःचं महिन्याभराचं काम साफ करून टाकलं. एवढा शिकलेला माणूस डोकं धरून बसला. तेव्हा त्याची आई सोनुबाई चुलीपुढून म्हणाली, "बियान्याची कनगी अन् खायाची कनगी एकच केलीस व्हय रं?"

त्यांच्या घरात कणग्या दोन होत्या. एका कणगीतलं भात रोज निघायचं. दुसऱ्या कणगीत बियाणं असायचं. तिचं तोंड सोनुबाई शेणमातीनं लिंपून टाकायची आणि रोहिणी लागेपर्यंत व्याही दारात आले तरी फोडायची नाही.  विठूनं रूट आईच्याच हवाली केलं, त्याचा पासवर्ड तिनंच ठरवायचा.

"मला काय कळतंय त्यातलं?" सोनुबाई म्हणाली. तिला अक्षरओळखही नव्हती.

"म्हनूनच. तुला त्यात कायच करायचं नाय."

ते तिला पटलं. लिंपताना कुणी बघायचं नाही अशी तिची रीत होती, म्हणून तिनं विठूला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि कीबोर्डवरचे आठ दाणे दाबले. बटणांना ती दाणेच म्हणायची. पडद्यावर काही उमटलं नाही. "दाखवत नाय, ह्ये बेस हाय," ती म्हणाली.

तेव्हापासून रूटचं काम निघालं की सोनुबाई हात पुसून यायची, आठ दाणे दाबायची आणि काम होईतो शेजारी बसून राहायची. "दार लावलंस?" असं विचारल्याशिवाय उठायची नाही. जयाला आधी याचं हसू यायचं. पण त्या दिवसापासून घरात एक ओळसुद्धा हरवली नाही, तेव्हा हसण्याचं कौतुक कधी झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. शाळेत ती सांगायची की आमच्याकडचा सगळा कारभार सासूबाई बघतात. लोकांना ते शेतीबद्दल वाटायचं.

आता मात्र पंचाईत होती. आठ दिवसांपूर्वी सोनुबाई बांधावरून घसरली होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता.

"आई, डाव्या हातानं बघा ना," जया म्हणाली.

सोनुबाईनं तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा यंत्रानं घरात घेतलं नाही.

"हाताला ठावं हाय गं. मला नाय."

"कुठले दाणे ते तरी सांगा."

"मी काय त्यांची नावं इचारली व्हती?"

जयाच्या मनात आलं, आपण अक्षरांच्या गर्दीत हरवलो, आणि हिच्याकडे सांगायला एकही अक्षर नाही. "मग तुम्ही लक्षात कसं ठेवलंत?" तिनं विचारलं.

 ते सांगणं म्हणजे सोनुबाईच्या लेखी राखण दुसऱ्याच्या हाती देणं होतं, आणि ती जया असली तरी ते सहज व्हायचं नव्हतं. शेवटी सोनुबाईनं चांगल्या हातानं जयाची खुर्ची मागं ढकलली.

"ऊठ. पदर खोच. लावनीला वाकतीस तशी वाक."

जया मुकाट्यानं वाकली आणि बोट डावीकडच्या पहिल्या अक्षरावर नेलं. वाचणाऱ्याचा हात दुसरीकडे कुठे जाणार?

"लावनी करताना पुढं जात्यात व्हय गं? लावलेलं तुडवशील. त्या उजव्या कडंनं धर अन् मागं मागं सर."

"तुमच्या डाव्या हातानंही मघाशी हेच केलं, आई. डावीकडूनच सुरुवात."

"त्याला कुटं सवय हाय," सोनुबाई म्हणाली. मग ती स्टूल घेऊन यंत्राजवळ सरकली. "त्यो मोठा दाना हाय ना, त्याच्या अलीकडचं दोन बांधाला सोड. आता वरल्या वळीतला एक. मंग खालच्या वळीतला. परत वरला. तीस वरसं आमी दोघी एका चिखलात अशाच मागं सरलो. वरचं पारूचं, खालचं माजं."

जयाचं बोट वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. चार रोपं पारूची, चार सोनुबाईची. तिच्या लक्षात आलं की पहिलं अक्षर पी आहे, पारूच्या नावाचं.  तिनं मोठा दाणा, म्हणजे एंटर, दाबला आणि यंत्रानं आत घेतलं.

रूटमधून पारूचं लिखाण तिथल्या तिथे उघडता आलं असतं. जयाचा हात क्षणभर तिकडे वळलाही.

"काम काय हाय?" सोनुबाईनं विचारलं.

"माझ्या खात्याला नवा पासवर्ड द्यायचा."

"मंग तेवडंच."

जयानं तेवढंच केलं. या वेळी पासवर्ड म्हणून तिनं शब्द घेतला नाही, हाताला ठाऊक असलेली एक चाल घेतली. ती बाहेर पडणार, तेवढ्यात सोनुबाईनं तिला थांबवलं.

"थांब. लिपन फुटलं. आता ह्येचं तोंड नव्यानं लिप, अन् तूच लिप. फुडं तुझ्याकडं."

"आई, तुमचा हात बरा झाला की..."

"हाताचं नाय. दोघींना ठावं असलेली कनगी कुनाचीच नस्ती."

एवढं बोलून ती स्टुलावर वळली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. जिला त्यातलं एक अक्षरही वाचता आलं नसतं, ती बाई प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन, पाठ ताठ करून चुन्याच्या भिंतीकडे बघत होती. जयाला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता. तिनं रूटसाठी नवे आठ दाणे दोनदा दाबले, रूटमधून बाहेर आली आणि स्वतःच्या खात्यात शिरली. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा नोंदी जागेवर होत्या.

"झालं, आई."

"दार लावलंस?"

"लावलं."

तेव्हा कुठे सोनुबाई वळली. तिनं स्टूल पडद्याजवळ ओढलं आणि डोळे पुसले.

"मंग वाच. पारू काय म्हनती बघू."